वेन आकृती वापरून संभाव्यतेची गणितं: अकरावीच्या मुलीसाठी सल्ला हवाय

निवांत_दुपार

नमस्कार मंडळी. लेक अकरावी सायन्सला आहे, स्टेट बोर्ड. प्रोबॅबिलिटीचं प्रकरण सुरू झालंय. नाणी, फासे, पत्ते इथपर्यंत काही अडलं नाही. पण "शंभरातले इतके हे खेळतात, इतके ते खेळतात, इतके दोन्ही" असं काही आलं की गाडी अडते. वर्तुळं काढते छान, पण कुठला आकडा कुठल्या खणात लिहायचा यात घोळ. क्लासमध्ये सूत्रांचा तक्ताच दिलाय: किमान एक, नेमके दोन, फक्त एक, प्रत्येकाला वेगळं सूत्र. तिला सगळी पाठ आहेत, कुठलं कधी लावायचं तेवढं कळत नाही.

काल अडलेलं गणित देते. वसतिगृहात १०० मुलं. क्रिकेट खेळणारे ५२, कबड्डी ४०, खो-खो ३०. क्रिकेट आणि कबड्डी १८, कबड्डी आणि खो-खो १२, क्रिकेट आणि खो-खो १५. तिन्ही खेळणारे ५. एक मुलगा असाच निवडला तर तो नेमके दोन खेळ खेळणारा असण्याची संभाव्यता किती? हिने १८, १२, १५ ची बेरीज करून ०.४५ काढलं. मागे उत्तर ०.३० दिलंय.

मी कॉमर्सची, माझं गणित कधीच सुटलंय. तर (१) सरावासाठी काय वाचावं, मराठी असेल तर उत्तम, (२) घरी समजावायचं तर सुरुवात कुठून करू? पुढच्या वर्षी सीईटी आहे, त्यामुळे वेगाचाही प्रश्न आहेच. पैसे भरायची अ‍ॅप्स कृपया नकोत, दोन आधीच धूळ खात पडलीयेत.

सीईटीग्रस्त

यंदाच देऊन मोकळा झालोय म्हणून सांगतो, सूत्रं सोडू नका काकू. गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, वर्तुळं काढत बसायला वेळ कुणाला आहे? अकरावीचा वाटा तसाही २० टक्केच असतो. नेमके दोन = जोड्यांची बेरीज वजा तिन्हीची तिप्पट. ४५ − १५ = ३०. झालं.

खडूफळा

सीईटीग्रस्त, उत्तर बरोबर आहे. पण "किमान दोन" विचारलं असतं तर? वजा तिप्पट की दुप्पट? परीक्षेच्या हॉलमध्ये ऐन वेळी हेच आठवत नाही. दुप्पट, ४५ − १० = ३५. आकृती भरलेली असेल तर यातलं काहीच आठवावं लागत नाही.

ताई, मी बरीच वर्षं ज्युनियर कॉलेजला गणित शिकवलंय. तुमच्या मुलीचा घोळ गणिताचा नाही, वाचण्याचा आहे. "क्रिकेट आणि कबड्डी खेळणारे १८" यात तिसरा खेळ खेळत नाहीत असं कुठे म्हटलंय? तिन्ही खेळणारी ती ५ मुलं या १८ मध्ये आहेत, १२ मध्ये आहेत आणि १५ मध्येही आहेत. तिच्या ४५ मध्ये ती तीनदा मोजली गेली, आणि "नेमके दोन" मध्ये तर ती एकदाही यायला नकोत.

म्हणून आकृती नेहमी आतून बाहेर भरायची. पेन हातात द्या आणि या क्रमाने करायला सांगा. आधी चौकट काढायची, मग त्यात तीन वर्तुळं. चौकट विसरायची नाही, कोणताच खेळ न खेळणारे तिथेच राहतात. मधोमध ५. मग दोन-दोन वर्तुळांच्या पाकळ्या: क्रिकेट-कबड्डी १८ − ५ = १३, कबड्डी-खो-खो १२ − ५ = ७, क्रिकेट-खो-खो १५ − ५ = १०. त्यानंतरच बाहेरचे खण. फक्त क्रिकेट म्हणजे ५२ मधून १३, १० आणि ५ गेले, राहिले २४. तसंच फक्त कबड्डी १५, फक्त खो-खो ८. आतल्या सातही खणांची बेरीज ८२, म्हणून चौकटीत वर्तुळांबाहेर १८.

आता काहीही विचारा. नेमके दोन: १३ + ७ + १० = ३०. नेमका एक: २४ + १५ + ८ = ४७. एकही नाही: १८. शंभराने भागलं की संभाव्यता. सात वजाबाक्यांना सवय झाल्यावर मिनिटसुद्धा लागत नाही, आणि एकाच माहितीवर तीन-चार प्रश्न असतील तर सूत्रवाल्यांच्या आधी हात मोकळा होतो.

दुसरी सवय लावा ती प्रश्न वाचतानाची. "फक्त", "नेमके", "किमान", "जास्तीत जास्त", "एकही नाही" हे शब्द दिसले की खाली रेघ. तिचं पुस्तक इंग्रजी असेल तर ओन्ली, एक्झॅक्टली, अ‍ॅट लीस्ट. माहितीत "फक्त" असेल तर तो आकडा थेट आपल्या खणात जातो, काही वजा करायचं नाही. सगळा खेळ त्या एका शब्दाचा.

वाचायला: नववीचं बालभारतीचं गणित भाग १, पहिलंच प्रकरण "संच". हसू नका, विश्वसंच, छेदसंच, संयोगसंच, पूरक संच आणि वेन आकृती सगळं स्वच्छ मराठीत आहे आणि पीडीएफ फुकट मिळते. अकरावीच्या पुस्तकांची एक गंमत म्हणजे प्रोबॅबिलिटी भाग १ मध्ये शेवटी आहे आणि सेट्स भाग २ मध्ये. म्हणजे जे आधी लागतं ते नंतर येतं. भाग २ मधलं सेट्सचं प्रकरण आत्ताच करून घ्या. जुनी एनसीईआरटी अकरावी कुणाकडे असेल तर त्यात पहिल्या प्रकरणाच्या शेवटी अशाच व्यवहारी उदाहरणांचा भाग आहे, तोही चांगला. एवढं पुरे. जाडजूड गाइड नको.

विक्षिप्त_बिंदू

खडूफळांना +१. एक भर घालतो. दोनच गट असतील आणि प्रश्न कंडिशनलचा (एक गोष्ट माहीत असताना दुसरीची संभाव्यता) असेल तर वर्तुळं सोडून सरळ तक्ता करायला शिकवा. वरच्याच गणितातले क्रिकेट आणि कबड्डी घ्या. कबड्डीवाले ४०: त्यातले क्रिकेटही खेळणारे १८, न खेळणारे २२. कबड्डी न खेळणारे ६०: त्यातले क्रिकेट खेळणारे ३४, न खेळणारे २६. उभ्या बेरजा ५२ आणि ४८.

"तो कबड्डी खेळतो हे माहीत आहे, तर क्रिकेट खेळत असण्याची संभाव्यता?" कबड्डीच्या ओळीवर बोट ठेवा, बाकी सगळं झाका. १८/४० = ०.४५. उलट विचारलं तर क्रिकेटच्या स्तंभावर बोट: १८/५२, म्हणजे ०.३५ च्या आसपास. मुलं या दोन्हींत हमखास गफलत करतात, कारण वर्तुळांत तो मधला १८ दोन्ही वेळा तसाच दिसतो, फक्त भागायचं कशाने ते बदलतं. तक्त्यात ते डोळ्यांना दिसतं.

पडताळाही मिळतो. तक्त्यातले २६ म्हणजे खडूफळांच्या आकृतीतले फक्त खो-खोवाले ८ आणि एकही न खेळणारे १८.

"किमान एक" दिसलं की आधी उलट बाजूने जाता येतं का बघायचं, हेही सांगून ठेवा. दोन मुलं निवडली, किमान एक तरी खेळाडू हवा, तर दोघेही न खेळणारे असण्याची शक्यता काढून १ मधून वजा: १ − (१८/१००) × (१७/९९), सुमारे ०.९७. सरळ मार्गाने गेलात तर दुप्पट काम. "एकही नाही म्हणजे प्रत्येकातून बाहेर" हे ज्या डी मॉर्गनच्या नियमाने म्हणतात, तो ऑगस्टस डी मॉर्गन जन्मला आपल्याकडे मदुराईत, १८०६ साली. अवांतर झालं, पण मुलांना असलं काही सांगितलं की नियम लक्षात राहतो.

बी_पॉझिटिव्ह

रक्तपेढीत काम करतो, त्यामुळे माझ्याकडून हे उदाहरण. सायन्सची मुलगी आहे, तिला आवडेल.

तीन वर्तुळं काढायला सांगा. पहिलं लाल पेशींवर ए अँटिजेन (पेशीवरची ओळखखूण) असलेल्यांचं, दुसरं बी असलेल्यांचं, तिसरं आरएच डी असलेल्यांचं, म्हणजे पॉझिटिव्ह गटवाल्यांचं. चौकटीसकट आठ खण होतात आणि रक्तगटही आठच. तिला म्हणावं, आठही गट आपापल्या जागी लिही. मधोमध एबी पॉझिटिव्ह. ए आणि बीच्या पाकळीत, आरएचच्या बाहेर, एबी निगेटिव्ह. फक्त आरएचच्या खणात ओ पॉझिटिव्ह. ओ निगेटिव्ह बहुतेक सुटतो, कारण तो कुठल्याच वर्तुळात नाही, चौकटीतल्या मोकळ्या जागेत आहे. त्या जागेत माणसं राहतात हे एकदा डोक्यात बसलं की चौकट विसरणार नाही.

पुढे विचारा, कोणाच्या लाल पेशी कोणाला चालतात? देणाऱ्याकडचे अँटिजेन घेणाऱ्याकडच्या अँटिजेनचा उपसंच असले, म्हणजे सगळेच्या सगळे घेणाऱ्याकडेही असले, की चालतात. ओ निगेटिव्हकडे यातलं काहीच नाही, म्हणजे रिकामा संच, आणि रिकामा संच प्रत्येक संचाचा उपसंच. पुस्तकात हे वाक्य मुलं घोकतात, इथे ते रोज पिशवीवर लिहिलेलं असतं. (आम्ही प्रत्यक्षात क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का याची तपासणी, करतोच, आकृतीवर रक्त चढवत नाही.)

आणि एक आपल्या मुंबईचं. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये एक नवा गट नोंदवला, तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. ए आणि बी हे दोन्ही अँटिजेन एच नावाच्या पायावर तयार होतात. ज्यांच्यात एचच बनत नाही त्यांच्यात ए-बी बनण्याचा प्रश्नच नाही, जनुक असलं तरीही. मग आकृती कशी होईल? एचचं एक मोठं वर्तुळ, ए आणि बी पूर्ण त्याच्या पोटात. साधा ओ गट एचच्या आत पण ए-बीच्या बाहेर, बॉम्बे गट एचच्याही बाहेर. फक्त अँटी-ए आणि अँटी-बी लावून तपासलं तर दोघेही ओच दिसतात. पण बॉम्बेवाल्याच्या रक्तात अँटी-एच, म्हणजे एचवर हल्ला करणारी प्रतिपिंडं असतात, त्याला साधं ओ रक्त चालत नाही, बॉम्बेच लागतं.

विक्षिप्त_बिंदू

बी_पॉझिटिव्ह, वा! काटेकोर बोलायचं तर तुमची शेवटची आकृती वेनची नाही, ऑयलरची. ऑयलर जे खण खरोखर आहेत तेवढेच काढायचा, म्हणून त्याच्याकडे वर्तुळाच्या पोटात वर्तुळ येतं. जॉन वेनने १८८० च्या लेखात उलटं केलं: सगळे शक्य खण आधी काढायचे आणि जे रिकामे ते छायांकित करायचे. परीक्षेत वेनची पद्धत बरी, कारण रिकाम्या खणात शून्य लिहिता येतं, काही सुटत नाही.

निवांत_दुपार

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! काल आतून बाहेर पद्धतीने वसतिगृहाचं गणित तिने परत केलं, ०.३० आलं. रक्तगटांत ओ निगेटिव्ह खरंच सुटला होता.

आता तिचाच प्रश्न: वर्तुळं एकमेकांना शिवतच नसतील तर त्या घटना इंडिपेंडंट म्हणायच्या ना? एकाचा दुसऱ्याशी संबंधच नाही म्हणून?

खडूफळा

नाही, उलट आहे! न शिवणारी वर्तुळं म्हणजे म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह. एक घडलं तर दुसरं नक्की घडलं नाही, म्हणजे एकाची बातमी कळताच दुसऱ्याची संभाव्यता शून्य झाली. यापेक्षा जास्त संबंध काय असायचा? दोन्ही घटना अशक्य नसतील तर अशा घटना इंडिपेंडंट असूच शकत नाहीत.

इंडिपेंडन्स चित्र बघून ठरत नाही, गुणाकार करावा लागतो: दोघींच्या संभाव्यतांचा गुणाकार दोन्ही एकत्र घडण्याच्या संभाव्यतेएवढा आला तरच इंडिपेंडंट. क्रिकेट ०.५२, कबड्डी ०.४०, गुणाकार ०.२०८. प्रत्यक्षात दोन्ही खेळणारे ०.१८. जुळलं नाही, म्हणून इंडिपेंडंट नाहीत. दोन्ही खेळणारे २०.८ टक्के असते तर होते. उलट उदाहरण पत्त्यांचं द्या: लाल पत्ता २६/५२, राजा ४/५२, गुणाकार २/५२, आणि लाल राजे दोनच. वर्तुळं एकमेकांत घुसलेली, तरी घटना इंडिपेंडंट.

कोडगा

सरावाला माझ्याकडून एक, यात कुणाची आवडनिवड नाही त्यामुळे आकडे तिला स्वतःच शोधावे लागतील. १ ते १०० मधली एक संख्या निवडली. ती २, ३, ५ यांपैकी कशानेच भाग न जाणारी असण्याची संभाव्यता काढ. पाकळीत काय लिहायचं? २ आणि ३ दोन्हींनी भाग जाणाऱ्या म्हणजे ६ च्या पटीतल्या, १६. मधोमध ३० च्या पटीतल्या, ३, म्हणून त्या पाकळीत १६ − ३ = १३. उत्तर ०.२६ यायला हवं.

चार गटांचं गणित आलं तर चार वर्तुळं काढायच्या नादी लागू नये. १६ खण हवेत, चार वर्तुळांनी जास्तीत जास्त १४ होतात. वेनने स्वतः त्यासाठी लंबवर्तुळं वापरली होती. आपण तक्ता करावा.

सातमजली_हसू

धागा वाचतेय. मुलाच्या क्लासच्या नोट्समध्ये हे आहे: ६० मुलं, गणित आवडणारी ४५, विज्ञान ४०, दोन्ही २०. एकही न आवडणारी किती? आमचं उत्तर −५ येतंय. कुठे चुकतंय?

खडूफळा

तुमचं काही चुकत नाही, गणितच चुकीचं छापलंय. ४५ + ४० = ८५, मुलं ६०, म्हणजे किमान २५ जण दोन्हींत असायलाच हवेत. जास्तीत जास्त ४०, कारण विज्ञानवाले तेवढेच. दोन्ही २५ ते ४० मध्ये काहीही द्या, गणित सुटेल, २० अशक्य. मुलाला सांगा, खणात उणे आकडा आला की आधी आपली वजाबाकी तपासायची, मग प्रश्न. आणि क्लासच्या सरांना नोट्स दुरुस्त करायला सांगा, तीच प्रत पुढच्या बॅचला जाईल.