ब्लूटूथ हेडफोनचं गणित
इलेक्ट्रिक गिटारचा सराव हेडफोनवर करायचा तर वायरची कटकट नको म्हणून ब्लूटूथ हेडफोन घ्या, असं काहीजण सुचवतात. गाणी ऐकायला ठीक, सरावाला अजिबात नको. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज सहज 150-200 मिलिसेकंद उशिरा पोचतो. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला 120 ठोक्यांवर लावला तर सोळाव्या भागाची नोट, म्हणजे पाव ठोका, 125 मिलिसेकंदांची. म्हणजे तुम्ही पुढची नोट छेडता तेव्हा कानात अजून मागचीच यायची असते. मी आठवडाभर माझ्याच हाताला शिव्या घालत होतो! फेंडरच्या मस्टँग मायक्रोसारख्या डबीतही (थेट गिटारला लावायचा छोटा हेडफोन अ‍ॅम्प) ब्लूटूथ असतं, पण ते फोनवरचा बॅकिंग ट्रॅक, म्हणजे साथीचं रेकॉर्डिंग, आत घ्यायला. हेडफोन वायरचाच लावायचा.

आणखी एक, स्ट्रॅटवाल्यांसाठी, म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार असणाऱ्यांसाठी. तिचा जॅक, म्हणजे प्लग लावायचं भोक, खोलगट, तिरक्या वाटीत असतो. माझ्याकडची एक स्वस्त डबी त्या वाटीच्या कडेला अडायची, प्लग पूर्ण बसायचाच नाही, नुसती खरखर. शेवटी वीतभर एक्स्टेंशन केबल लावली आणि डबी गिटारच्या पट्ट्याला वेलक्रोने चिकटवली. दिसतं गबाळं, पण चालतं. बाकी रात्री अकराला प्लेक्ट्रमची (तारा छेडायच्या पिकची) टकटक शेजारच्या खोलीत जातेच, त्यावर कुठलाच हेडफोन उपाय नाही. आमच्या आईंना विचारा.