पोपोल वूचा दुसरा अल्बम: मूगची बाजू सरस की ऑर्गनची?

पॅचकॉर्ड: म्युनिकच्या ‘पोपोल वू’ या बँडचा ‘इन डेन गेर्टेन फाराओस’ (१९७१) मला अर्धाच थोर वाटतो. तबकडीच्या पहिल्या बाजूची शीर्षकरचना साडेसतरा मिनिटांची. पाण्याच्या आवाजातून मूग (विजेवर सूर निर्माण करणारा सिंथेसायझर) वर येतो आणि बँडचा प्रमुख फ्लोरियन फ्रिके त्या यंत्रातून गळ्यासारखा सूर काढतो. दुसऱ्या बाजूच्या ‘वू’मध्ये मात्र बाउमबुर्गच्या चर्चमधला पाइप ऑर्गन आणि झांजा सगळं व्यापून टाकतात. घरात मोठा मॉड्युलर (सुटे भाग वायरींनी जोडायचा) मूग असताना ऑर्गनकडे जाणं ही सरळ माघार आहे.

खर्ज: साफ असहमत. तो मूग एकस्वरी आहे, म्हणजे एका वेळी एकच पट्टी वाजते. ऑसिलेटर (सूर निर्माण करणारे भाग) सा-पंचमात लावून ठेवले तर कुठलीही पट्टी दाबा, तेच अंतर चिकटून येतं. स्वरांना स्वतंत्र हालचाल हवी असेल तर प्रत्येक स्वर टेपवर वेगळा भरायला हवा. ‘वू’मधला भरगच्च स्वरपुंज जवळजवळ वीस मिनिटं तसा उभा करणार कसा? शिवाय १६ फुटी ऑर्गन पाइपचा सर्वांत खालचा सूर साधारण ३३ हर्ट्झचा, तो अख्ख्या चर्चची हवा हलवतो. मूग वायरीतून थेट टेपवर जातो, त्याला जागेचा घुमारा वरून लावावा लागतो.

फीत_आणि_सुई: घुमाऱ्याचं मान्य, पण मूगचा जीव वेगळ्याच गोष्टीत आहे. एक ऑसिलेटर ११० हर्ट्झला आणि दुसरा ११०.५ ला ठेवला की दर दोन सेकंदांनी सूर फुगतो-ओसरतो. गळ्यासारखा आवाज हवा तर करवतीच्या दातांसारख्या लहरीचे दोन-तीन ऑसिलेटर असे किंचित सरकवायचे, लो-पास फिल्टर (आवाजातला वरचा तीव्र भाग कापणारा) बराच बंद ठेवायचा आणि एन्व्हलपचा चढ (आवाज पूर्ण जोरात यायला लागणारा वेळ) सेकंद-दीड सेकंद द्यायचा. चढ आखूड केला की तोच पॅच (हीच जोडणी) ऑर्गनसारखा वाजतो. फरक तीन-चार हर्ट्झवर गेला की बेसूर थरथरतो. आणि तो आपोआपही जातो, कारण व्होल्टेजचं सुरात रूपांतर करणारे ट्रान्झिस्टर तापमानाबरोबर सरकतात. म्हणून यंत्र नीट तापल्याशिवाय सूर लावायचाच नाही.

पॅचकॉर्ड: हेच तर म्हणतोय! ही सरकती श्रुती पहिल्या बाजूला दिसते, ऑर्गनखाली गाडली जाते. त्याच वर्षीचा टँजरिन ड्रीम या जर्मन बँडचा दुसरा अल्बम ‘अल्फा सेंटॉरी’ ऐका. तिथे व्हीसीएस३ हा सिंथेसायझर आहे, पण भार ऑर्गन आणि बासरीवर. सिंथेसायझर मुख्य गळा होतो तो फ्रिकेकडे. लयही यंत्राची नाही: होल्गर ट्रुल्झ्शचे आफ्रिकी-तुर्की ड्रम मूगच्या श्वासाप्रमाणे मागेपुढे होतात. शेवटाकडे फेंडरचा विजेवरचा पियानो येतो तोही नेमका.

खर्ज: मग पुढचा अल्बम बघा. १९७२ च्या ‘होसियाना मंत्रा’त पियानो, ओबो, गायिका जाँग युनचा आवाज आणि चक्क तंबोरा आहे, मूग नाही. पुढे फ्रिकेने तो मूग जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीतकार क्लाउस शुल्त्सेला विकला. हवेतून येणाऱ्या सुराची ओढ ‘वू’पासूनच ऐकू येते. ही बाजू काढून टाकली तर ‘होसियाना मंत्रा’ अचानक कुठून आला हे कळणारच नाही.

पॅचकॉर्ड: पुढे काय झालं यावर या बाजूचे गुण ठरत नाहीत. ‘वू’त पहिल्या मिनिटाला जे कळतं, त्यात दहाव्या मिनिटाला फारशी भर पडत नाही.

फीत_आणि_सुई: भर पडते, पण खालच्या पट्ट्यात. फोनच्या स्पीकरवर १५० हर्ट्झखाली जवळजवळ काही उरत नाही. झांजा आणि ऑर्गनचा वरचा कर्कश भाग तेवढा कानावर येतो. बंद हेडफोन किंवा आठ इंची वूफर लावून ‘वू’ पुन्हा ऐका, मग कंटाळवाणी म्हणा.