मदत हवी आहे : शिंजीराच्या पिसांची झळाळी दोऱ्यात कशी आणावी?

नमस्कार. चैत्र लागल्यापासून कोल्हापुरातील आमच्या परसात जांभळा शिंजीर या चिमुकल्या पक्ष्याची जोडी येत असून, मादीने जास्वंदीच्या फांदीला कोळ्याची जाळी, वाळकी पाने आणि सालीचे तुकडे गुंफून लोंबते घरटे बांधले आहे. ती आत बसली, की चोच तेवढी दारातून बाहेर दिसते. तेच दृश्य मी पांढऱ्या केसमेंट कापडावर दोऱ्याने भरत आहे. घरटे गाठींच्या टाक्याने मनासारखे उतरले. मादीही एकपदरी लांब-आखूड टाक्याने साधली.

अडचण नराची आहे. सावलीत तो काळा दिसतो आणि ऊन पडताच निळा-जांभळा चमकतो, कारण ती चमक पिसांच्या रचनेतून येते. सुती दोऱ्याच्या गडद निळ्या आणि जांभळ्या छटा एकत्र ओवून पाहिल्या, पण अंग मळकट दिसले, म्हणून दोनदा उसवले. आता तेथील कापडाची वीण सैल झाली आहे.

रेशमी दोरा वापरावा, की सुती टाक्यांवर जरीचा एकच पदर फिरवावा? महाद्वार रोडवर असा रेशमी दोरा सुटा मिळतो का, हेही कोणी सांगितल्यास फार उपकार होतील. पिल्ले उडून जाण्यापूर्वी, नर रोज डोळ्यांसमोर असतानाच, मला हे काम पूर्ण करायचे आहे.