मदत हवी आहे: माझी २०२४ च्या अल्बमांची यादी खरंतर २००८ ची झालीय का?

नमस्कार मंडळी,

धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

दर डिसेंबरात आम्ही सहा-सात जण एकमेकांना यादी पाठवतो. वर्षभरातले पाच आवडते अल्बम आणि तीन हिरमोड करणारे. नियम एकच, अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत निदान तीनदा ऐकलेला हवा. उडत उडत ऐकून मतं ठोकायची नाहीत. यंदाची यादी तयार झाली म्हणून भाचीला दाखवली. तिने वरपासून खालपर्यंत एक नजर फिरवली आणि म्हणाली, "मामा, ही या वर्षाची यादी आहे की २००८ ची?"

तेव्हा हसण्यावारी नेलं. रात्री मोजायला बसलो आणि चपापलो.

आधी यादी बघा.

पहिला नंबर द क्युअर, 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड'. १ नोव्हेंबरला आला. त्याआधीचा त्यांचा अल्बम २००८ चा, म्हणजे मध्ये सोळा वर्षं. गाणी आठच. पहिलं 'अलोन' सुरू होतं आणि गायक रॉबर्ट स्मिथ तीन मिनिटं तोंडच उघडत नाही. शेवटचं 'एंडसाँग' साडेदहा मिनिटांच्या घरात जातं, त्यात सहा मिनिटं उलटून गेल्यावर पहिला शब्द येतो. पहिल्या वेळी मी खिशातून फोन काढून बघितला होता, चुकून नुसत्या वाद्यांची आवृत्ती तर लावली नाही ना म्हणून. दुसऱ्यांदा कळलं की ड्रम्स जागचे हलत नाहीत आणि गिटारी त्यावर एकेक थर चढवत जातात. आलापी रंगलेली असताना आपण "बंदिश कधी?" असं विचारत नाही, तसंच आहे ते. स्मिथच्या भावाच्या मृत्यूवरचं एक गाणं आहे, ते मला अजून दर वेळी पूर्ण ऐकवत नाही. (हो, नियम मोडतोय.)

दुसरा डेव्हिड गिल्मोर, 'लक अँड स्ट्रेंज'. शीर्षकगीतात रिचर्ड राइटचा, पिंक फ्लॉइडमधल्या त्याच्या जुन्या साथीदाराचा, कीबोर्ड आहे. राइट २००८ साली गेला. हे वादन २००७ मधलं, गिल्मोरच्या घराच्या आवारातल्या कोठारात सगळे मिळून वाजवत बसले होते तेव्हाचं. सतरा वर्षं पडून राहिलेल्या त्या सुरांभोवती आता गाणं बांधलंय. गिल्मोरची मुलगी रोमनी याच अल्बमात एक गाणं गाते आणि हार्पही वाजवते. तिच्या आवाजात ठेवणीतला गोडवा अजिबात नाही, म्हणून तर ते गाणं लक्षात राहतं.

तिसरा बेथ गिबन्सचा 'लाइव्ह्ज आउटग्रोन'. स्वतःच्या गाण्यांचा, फक्त तिच्या एकटीच्या नावावरचा हा पहिलाच अल्बम. तिच्या पोर्टिसहेड या बँडचा शेवटचा 'थर्ड' आला होता, ओळखा, २००८ मध्येच.

चौथा बिली आयलिशचा 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट' (भाचीची कृपा) आणि पाचवा ब्लड इन्कँटेशनचा 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर'. त्यात दोनच गाणी, प्रत्येक वीस मिनिटांच्या पुढे-मागे. डेथ मेटल चालू असताना मध्येच पिंक फ्लॉइडच्या गल्लीत शिरतात आणि काही झालंच नाही अशा थाटात परत येतात.

आता हिरमोड.

सगळ्यात मोठा ओपेथ, 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'. त्यांचा गायक मिकाएल ओकरफेल्टने अल्बमात ग्रोल करणं (घशातून गुरगुरत गाणं) सोडलं होतं 'वॉटरशेड'नंतर. तोही २००८ चाच! यंदा ग्रोल परत आले, शिवाय जेथ्रो टलचा इयन अँडरसन बासरी आणि निवेदनाला. मी दिवस मोजत होतो. आणि निघालं काय? सुरुवातीलाच एक हळुवार गाणं, लांबलचक गिटार सोलोसकट, निरोप घेतल्यासारखं. मग एकदम मारामारी सुरू. आणि शेवट तर वाक्य अर्ध्यात तोडल्यासारखा. मृत्युपत्राच्या वाचनाची गोष्ट आहे म्हणतात, मला काही तिचा पत्ता लागला नाही. तीनदा ऐकला, तीनदा समेची वाट बघत बसलो.

दुसरा लिंकिन पार्कचा 'फ्रॉम झीरो'. चेस्टर बेनिंग्टन गेल्यावर आलेल्या नव्या गायिकेबद्दल, एमिली आर्मस्ट्राँगबद्दल, माझी तक्रार नाही, बाई जीव तोडून गाते. पण बत्तीस मिनिटांत सगळं आटोपतं आणि प्रत्येक गाण्यात त्यांच्या कुठल्या ना कुठल्या जुन्या गाण्याची सावली दिसते. तिसरा टेलर स्विफ्टचा 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट'. 'फोकलोर' मला मनापासून आवडला होता, म्हणून आशेने गेलो. एकतीस गाणी, दोन तास. विसाव्या गाण्याच्या आसपास मी नुसता बसून होतो.

तर मोजदाद अशी: पहिले तिन्ही आवडते आणि सगळ्यात मोठा हिरमोड, चारही धागे २००८ ला जाऊन मिळतात. आणि २००८ मध्ये मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. हेडफोन्स कानाला चिकटलेले, जबाबदारी शून्य.

मदत दोन बाबतीत हवी. मी अल्बमांना मार्क देतोय की माझ्या विशी-बाविशीला, हे तपासायचं कसं? आणि यंदाचं असं काय आहे जे माझ्या कानांवरून नुसतंच गेलं? यादी रविवारी पाठवायची आहे. जाणकारांनी कान उपटले तरी चालतील.

बी साइड:
यादी झकास. पण स्विफ्टला हात घातलायस, हेल्मेट घालून बस.

खर्ज:
भाचीचा प्रश्न बिनतोड आहे, पण उत्तर तुझ्या यादीतच आहे. ओपेथचा धागाही २००८ चाच ना? तो हिरमोडात पहिला आहे. म्हणजे २००८ चं नाव काढलं की तू डोळे झाकून मार्क देतोस असं नाही. जुन्या ओळखीमुळे तू दार उघडतोस, एवढंच. आत आल्यावर कोणाला बसवायचं आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचं, हे तू बघतोयस.

तरी खात्री करायची असेल तर मी करतो ते सांगतो. क्युअरचा २००८ चा अल्बम आणि हा नवा, एकाच संध्याकाळी पाठोपाठ लाव. पण आधी दोन्हींचा आवाज कानाने सारखा करून घे. ही पायरी लोक गाळतात. दोन रेकॉर्डिंगांपैकी एक जरासं जरी मोठं वाजत असलं तरी तेच जास्त भरदार आणि 'चांगलं' वाटतं, फरक आवाजाचा आहे हे लक्षातही येत नाही. अ‍ॅपमध्ये सगळ्या गाण्यांची पातळी एकसारखी करायची सोय असते, ती चालू कर. जुन्या फाइली वेगळ्या प्लेअरवर असतील तर बटणाने जुळव.

माझ्या बाबतीत या प्रयोगात बहुतेक वेळा जुना अल्बमच पडतो. आठवणीत तो फार मोठा झालेला असतो. नवा टिकला तर त्याचा नंबर त्याने कमावलेला आहे.

आणि किती वेळा ऐकलंयस ते बघ. क्युअर पंधरा वेळा आणि बिली आयलिश तीन वेळा ऐकून त्यांना एका रांगेत लावलं असशील तर ते बरोबर नाही. कान सरावले की आवड वाढते, आणि ती आपसूक वाढते.

तेरावी ओळ:
हेल्मेट घातलं असेल अशी आशा. 😊

तुमची तक्रार लांबीची आहे, गाण्यांची नाही. १९ एप्रिलला मूळ अल्बम आला तो सोळा गाण्यांचा. उरलेली पंधरा दोन तासांनी आली, ती पुरवणी. तुम्ही दोन्ही एकाच बैठकीत ऐकून "नुसता बसून होतो" म्हणताय. आधी सोळाच ऐका, साधारण एक तास पाच मिनिटं. पुरवणी दुसऱ्या दिवशी. गंमत म्हणजे तुम्हाला 'फोकलोर' आवडला असेल तर तुमची गाणी पुरवणीतच सापडतील. सिंथ कमी, पियानो आणि गिटार जास्त, 'फोकलोर'वर काम केलेल्या एरन डेसनरची छाप उघड दिसते. म्हणजे तुम्ही ज्याच्यासाठी आलात तिथे पोचेपर्यंत दमून गेलात.

आणि एक विनंती. हिरमोडाच्या यादीत प्रत्येक नावापुढे "मी काय अपेक्षा केली होती" हे एका ओळीत लिहा. नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं अल्बमच वाईट आहे.

रात्रपाळी:
बाकी सगळं राहू दे. ओपेथवाला परिच्छेद मी तीनदा वाचला.

"सुरुवातीलाच हळुवार गाणं"? अहो, पहिल्याच गाण्यात ग्रोल आहेत! त्या अल्बममध्ये पहिल्या सात गाण्यांना नावंच नाहीत. कायद्याच्या कागदात असते तशी कलमाची खूण आणि पुढे आकडा, कलम १ ते कलम ७. नाव फक्त आठव्या गाण्याला आहे, 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड', आणि तेच हळुवार आहे, तेच निरोपाचं.

तुम्ही ऐकता कशावर? फाइली जुन्या प्लेअरवर टाकून तर नाही ना?

धागाकर्ता:
...

हो. जुना प्लेअर, बटणांचा. हेडफोन्स त्यालाच बरे वाजतात म्हणून.

आत्ता उघडून बघितलं. फाइलींमध्ये गाण्याचा क्रमांक भरलेलाच नाहीये, त्यामुळे प्लेअरने नावावरून लावलेत. इंग्रजी 'ए' अक्षर त्या कलमाच्या खुणेच्या आधी येतं. म्हणून 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड' सगळ्यात वर आणि मग कलम १, २, ३... सातवर बंद.

मी तीन वेळा शेवटापासून सुरुवात केली. रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचून "गोष्टीचा पत्ता लागत नाही" म्हणून लेखकाला नावं ठेवली. आणि वर सलग ऐकायच्या नियमाची फुशारकी मारली!

खर्जभाऊ, आकडे काढले. क्युअर अकरा वेळा, गिल्मोर नऊ, बिली चार. तुमचा नेम बरोबर बसला. आवाज सारखा करून २००८ चा क्युअर आणि नवा आज सकाळी पाठोपाठ ऐकले. जुन्यातली चार-पाच गाणी मला पाठ आहेत असं वाटत होतं, प्रत्यक्षात दोनच होती. नवा जागचा हलला नाही. तो पहिलाच राहणार.

गिल्मोरचं मात्र सांगता येत नाही. शीर्षकगीत लागलं की मी राइटचा कीबोर्डच ऐकत बसतो, बाकी अल्बम कसा आहे हे मला धड माहीत नाही असं वाटायला लागलंय. तो बहुधा चौथ्यावर जाईल.

तेरावी ओळ, पुरवणी वेगळी ऐकली. पूर्ण शरण आलेलो नाही, पण "नुसता बसून होतो" हे वाक्य मागे घेतो. अपेक्षेची ओळ लिहिण्याची कल्पना उचलली. लिंकिन पार्कपुढे लिहायला गेलो आणि लिहिलं, "चेस्टर परत यावा." ते वाचून नावच खोडलं. हा अल्बमवरचा आरोप होऊच शकत नाही.

चौथा काळा पाच:
उशिरा आलो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर कोणी बोललंच नाही.

अरूज आफताबचा 'नाइट रेन' ऐका. मे महिन्यात आला. त्यात माह लका बाई चंदा या दख्खनी शायराच्या रचना आहेत. बाई १८२४ साली गेल्या, म्हणजे बरोबर दोनशे वर्षं झाली. तुमची २००८ ची खोड मोडायला हा जालीम उपाय. त्यातच 'ऑटम लीव्ह्ज' हे जॅझवाल्यांनी हजारदा घोटलेलं गाणं आहे, इतकं उघडं करून गायलंय की पहिल्या ओळीला ओळखूच आलं नाही.

आणि २२ नोव्हेंबर ही एकच तारीख घ्या. त्या दिवशी तुमचा ओपेथ आला, किम डीलचा स्वतःच्या नावावरचा पहिला अल्बम आला, आणि रॅपर केंड्रिक लमारने कसलीही घोषणा न करता 'जीएनएक्स' सोडला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यादी करणाऱ्याला यातला एकही धड पचलेला नसतो. तुम्ही यादी रविवारी पाठवा, पण जानेवारीत पुरवणी काढायची मुभा ठेवा. स्विफ्टबाईंना जमतं तर तुम्हालाही जमेल.

खर्ज:
आफताबला +१. हेडफोन्सवर, रात्री, दुसरं काही न करता.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. आफताब आत्ता लावलाय, दुसऱ्या गाण्यावर आहे, टाइप करता करता ऐकतोय म्हणजे खर्जभाऊंचा नियम लगेच मोडला. हा संपला की दिवे घालवून परत पहिल्यापासून.

ओपेथ तूर्तास दोन्ही याद्यांतून बाहेर. कलम १ पासून तीनदा ऐकेपर्यंत त्याच्यावर बोलायचा मला अधिकार नाही. भाचीला सगळा प्रकार सांगितला. ती पाच मिनिटं हसत होती, मग म्हणाली, "मामा, तो प्लेअर पण २००८ चाच आहे ना?"

आहे.

शेवटचा प्रश्न: या फाइलींमध्ये गाण्याचे क्रमांक एकदम भरायचा काही सोपा मार्ग आहे का?

रात्रपाळी:
आठ फाइली आहेत हो. हाताने भरा.