शेवटचे तीन दिवस

लांबच्या प्रवासाच्या शेवटच्या तीन दिवसांत आणखी एक शहर उरकावं का, असा प्रश्न पडतो. माझं मत : मुळीच नको! दीड महिना तुर्कस्तानात एकटीच भटकले आणि शेवटी इस्तंबूलच्या आशियाई बाजूच्या कादिकॉय भागात नुसता मुक्काम टाकला. तोपकापी राजवाडा वगैरे आधीच पाहून झालं होतं. इस्तंबूलकार्डात (बस-बोटीचं प्रवासकार्ड) उरलेले लिरा संपवायचे म्हणून रोज पलीकडच्या एमिनोन्यूची फेरीबोट धरायची. जेमतेम 20 मिनिटांत आशियातून युरोपात, हातात सिमित, म्हणजे तीळ लावलेला कड्यासारखा पाव (अर्धा सीगलांनाच जायचा), समोर हैदरपाशा स्टेशनची जुनी जर्मन धाटणीची इमारत. घरची ओढ होतीच, नाही कशाला म्हणू. तिसऱ्या दिवशी चहावाल्याने न सांगताच साखरेचा तिसरा खडा बशीत ठेवला. बॅगेचं वजन मात्र निघण्याच्या आदल्या दिवशीच करा.