‘स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे’ हे नेहमी आम्हालाच का?

पावणेनऊ
पंधरा ऑगस्टच्या धाग्यावर ‘वाड्यातले तात्या’ लिहून गेले की, आम्ही आणीबाणीत येरवड्याला जाऊन बसलो ते हल्लीच्या पोरींनी रात्री अकराला चहाच्या टपरीवर खिदळावं म्हणून नव्हे. स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे. खाली ‘अगदी खरं’ची रांग. दोन दिवस गप्प बसले, आता लिहितेच.

मी पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर राहते. एका खोलीत चार कॉट. राज्यसेवेचा तिसरा प्रयत्न. दार नऊला बंद. अभ्यासिका अकरापर्यंत उघडी असते, पैसे मी पूर्ण वेळेचे भरते आणि पावणेनऊला पुस्तकं आवरते. शेजारच्या टेबलावरचा मुलगा आमच्याच गल्लीत राहतो, त्याच्याकडे लॅचची किल्ली आहे. मार्चमध्ये एकदा नऊ वीस झाले. घरमालकीण काकूंनी दार उघडलं, पण त्याआधी गॅलरीतून विचारलं, “कोणी सोडलं?” खालच्या वाणसामानवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात. पीएमपीच्या बसने सोडलं, काकू.

तर तात्या, स्वैराचार नक्की किती वाजता सुरू होतो?

वाड्यातले तात्या
नाव घेतलंत म्हणून उत्तर देतो. १९७५ साली मी वीस वर्षांचा होतो. मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबण्याच्या कायद्याखाली, चौदा महिने आत काढले. बेकायदा डांबलं तरी कोर्टात दाद मागता येत नव्हती. १९७६ साली सुप्रीम कोर्टाच्या पाचांतल्या चार न्यायमूर्तींनी सरकारचं म्हणणं उचलून धरलं, एकटे खन्ना उलटे उभे राहिले. स्वातंत्र्य जातं म्हणजे काय जातं ते आम्ही भोगलंय. नऊला दार लागतं म्हणून गळा काढू नका. घर काकूंचं आहे. पटत नसेल तर दुसरी खोली बघा.

खारी बुडवून
तात्या, येरवड्यात बराकी किती वाजता बंद व्हायच्या?

वाड्यातले तात्या
दिवेलागणीला. का?

खारी बुडवून
काही नाही, सहज.

खोल्या देणे आहे
मी त्यातलीच एक काकू. सगळ्यांना आम्हीच खलनायिका दिसतो. मागे एका मुलीचा फोन लागेना, तर तिच्या वडिलांनी बीडहून रात्री एकला मला उठवलं. “तुमच्या भरवशावर ठेवलीय.” पोरीचं काही झालं तर पोलीस आधी माझ्या दारात. मुलींचे वडील खोली बघायला आले की पहिला प्रश्न, दार किती वाजता लावता? दहा सांगितलं तर दुसरीकडे जातात. मुलांचे वडील विचारतात, डबा कुठे मिळेल? आता यात मी काय करू?

पावणेनऊ
काकू, हे मान्य. माझ्या बाबांनीही हेच विचारलं होतं. पण बाबांना मी उत्तर देईन. गॅलरीतून विचारण्याचे पैसे भाड्यात धरलेत का?

सुधारकी जुनी
‘घर काकूंचं’ हे पुण्याला नवं नाही. १८९१ चं संमतिवयाचं बिल आठवा. मुलीच्या, लग्न झालेलीच्याही, शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहाचं बारा करायचं होतं. टिळक म्हणाले, परक्या सरकारने आमच्या घरात नाक खुपसू नये. आगरकर बिलाच्या बाजूने. साहेबापासून मुक्ती हवी, पण घरातल्या बाईला घरातल्यांपासून मिळाली तर मात्र धर्म बुडाला! आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली ती याच गावाने.

कर्वे रोड कोंडी
टिळकांना कॉट बेसिसमध्ये ओढण्याची गरज नव्हती. नियम म्हटला की जाच वाटतो, हेच दुखणं आहे. उद्या सिग्नलही जाच. परवा एक पोरगा उलट्या दिशेने, डोक्यावर हेल्मेट नाही, वर मलाच शिव्या!

वाड्यातले तात्या
उलट्या दिशेचं ठीक, हेल्मेटचं नाव काढू नका. मान आखडते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. २०१९ च्या जानेवारीत कारवाई सुरू झाली तेव्हा मी निषेधाला होतो. डोकं माझं आहे. सरकारचा काय संबंध?

पावणेनऊ
थांबा थांबा. डोकं तुमचं, आणि माझी वेळ काकूंची?

वाड्यातले तात्या
दोन्ही गोष्टी एका तागडीत तोलू नका. मी ताशी तीसने जातो.

कर्वे रोड कोंडी
मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, हेल्मेटचं कलम १२९. इतक्या वर्षांत मान सरळ झाली असती. पेठेतल्या पेठेत काय होतंय, असं सगळेच म्हणतात.

खारी बुडवून
पगडी चालते का त्या कलमात?

कर्वे रोड कोंडी
शिखांची. आपली नाही.

भोरकर
चेष्टा चाललीय म्हणून लिहितो. माझा मेव्हणा नवले पुलाच्या उतारावर गेला. गाडी बघायला मी गेलो होतो. हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं. नवंकोरं, काचेवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. त्याला ओरखडासुद्धा नाही. बहिणीची पोरगी तेव्हा दुसरीत होती. डोकं त्याचं एकट्याचं नव्हतं, तात्या.

वाड्यातले तात्या
भोरकर, वाईट झालं. घालीन. पण तुमच्याखातर, चौकात पावती फाडणाऱ्याखातर नाही. सक्तीला विरोध कायम आहे, हे लिहून ठेवा.

खारी बुडवून
लिहिलं. तात्यांना सक्ती नको, समजावलेलं चालतं. नवी पेठेतही हीच योजना लागू करावी.

वाड्यातले तात्या
शहाणपणा पुरे. आणि मुलींच्या किल्लीला मी कधी विरोध केला? टपरीबद्दल बोललो होतो.

पावणेनऊ
मग आजपासून किल्लीला पाठिंबा आणि टपरीला विरोध असं धरू? आमच्या काकूंना दाखवते. धाग्यावर किल्लीपेक्षा हेल्मेट जास्त झालंय, पण असो. आठ त्रेचाळीस झाले, पुस्तकं आवरते.

खोल्या देणे आहे
नाना पेठेत चष्म्यावर नीट बसेल असं हेल्मेट कोणाकडे मिळेल? ह्यांच्यासाठी हवंय.