शब्दचर्चा: वॉरंट 'काढतं' कोण, 'बजावतं' कोण?

खानापूरकर
आमच्या इकडं, कर्नाटकातल्या खानापुरात, शेजारच्या काकांच्या घरी पोलीस एक कन्नड कागद देऊन गेले. तासाभरात गल्लीभर झालं, "काकांवर वॉरंट आलंय!" काकी रडायला लागल्या. संध्याकाळी नातवानं वाचून दाखवलं: चौकशीला हजर राहा, एवढंच होतं. पोलिसांचा प्रत्येक कागद आमच्यात वॉरंट कसा काय होतो? आणि याला मराठी शब्द आहे का?

निपाणीची ताई
कोशात 'अधिपत्र' आहे. कोर्टाच्या आवारात मात्र कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. 'पकड वॉरंट' लोक बोलतात, आणि काय होणार ते त्यात लगेच कळतं.

काळा कोट
नामापेक्षा क्रियापद बघा. "पोलिसांनी वॉरंट काढलं" हे चूक. काढतं कोर्ट, पोलीस बजावतात. लेखी, न्यायाधीशाची सही, कोर्टाचा शिक्का, आणि रद्द होईपर्यंत किंवा बजावलं जाईपर्यंत ते जिवंत. काकांना आली ती बहुतेक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५(३) ची नोटीस. १ जुलै २०२४ च्या आधी, जुन्या संहितेत, हीच कलम '४१अ'ची. आम्ही वकील अजून तेच म्हणतो, सवय जात नाही.

दुसरा घोळ 'दखलपात्र'चा. दरोडा, खून असे दखलपात्र गुन्हे असतील तर पोलीस वॉरंटशिवायही अटक करू शकतात. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर अटक का हवी ते लिहून ठेवावं लागतं. अदखलपात्र म्हणजे "दखल घेऊ नका" असं नव्हे. त्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपासही करता येत नाही, एवढंच.

खानापूरकर
वकीलसाहेब, कन्नड पेपरात अटकेला 'बंधन' लिहितात. आमची आजी समजायची, घराबाहेर पडायला मनाई झाली असेल!

निपाणीची ताई
कन्नड पोलिसी कागदात 'दस्तगिरी'ही असतं. फारसीत दस्त म्हणजे हात, गीर म्हणजे धरणारा. आपल्याकडे दस्तगीर नावाची माणसं गावोगाव आहेत. तिथं अर्थ हात धरून सावरणारा. हात तोच, धरणारा वेगळा.

आणि महाराष्ट्रातलं 'तडीपार' इकडं 'गडीपार'. कन्नडमध्ये गडी म्हणजे सीमा. कोल्हापूरहून आलेल्या आमच्या जावेला वाटलं, कुणाचा तरी शेतगडी पळाला.

चंदगडचा
आमचं गाव महाराष्ट्रात, बाजार बेळगावात. इकडच्या कोर्टाचं वॉरंट तिकडं चालतं का? पारावरचे म्हणतात, सीमेवरची शिनोळी ओलांडली की सुटलो.

काळा कोट
पारावरच्यांना जामीन कोण राहणार? वॉरंट भारतात कुठंही बजावता येतं. दुसऱ्या हद्दीत जाणाऱ्या पोलिसानं एरवी तिथल्या दंडाधिकाऱ्याचा किंवा ठाण्याच्या अधिकाऱ्याचा शेरा घ्यायचा; तेवढ्यात माणूस निसटेल असं वाटलं तर शेऱ्याशिवायही. जिल्ह्याबाहेर पकडलं तर सहसा तिथल्या दंडाधिकाऱ्यापुढं उभं करायचं, पण वॉरंट काढणारं कोर्ट ३० किलोमीटरच्या आत असेल तर थेट तिथंच नेता येतं. सीमेवरच्यांना नजरेसमोर ठेवूनच हे लिहिलं असावं, असं मला उगाचच वाटतं.

चंदगडचा
आणि फोन ऐकायला?

काळा कोट
'टॅपिंगचं वॉरंट' परदेशी सिनेमातलं. आपल्याकडं त्याला कोर्ट लागत नाही, गृह सचिवांचा आदेश लागतो. ६० दिवसांचा, वाढवला तरी १८० च्या वर नाही. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानं ही चौकट घालून दिली. मला स्वतःला ती अपुरी वाटते. सरकारनंच मागायचं, सरकारनंच द्यायचं, आढावा समितीतही सचिवच. २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरला तो पुट्टस्वामींच्या याचिकेवर; ते आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश.

खानापूरकर
'जारी' राहिलंच की. "वॉरंट जारी" म्हणजे काढलं की बजावलं?

निपाणीची ताई
मराठीत काढलं. कन्नडमध्ये 'जारी'त अंमलबजावणीही येते, ईडीचं, म्हणजे 'एन्फोर्समेंट डायरेक्टोरेट'चं, कन्नड नावच 'जारी निर्देशनालय'. त्यामुळं आपल्या भागात मथळा वाचून थांबू नये, खालची बातमी वाचावी. काकींना सांगा, नोटिशीची तारीख तेवढी चुकवू नका म्हणावं.